रानपिंगळ्याची ओळ

आमच्या शाळेच्या निसर्ग मंडळाचं शिबिर दरवर्षी जानेवारीच्या शेवटी मेळघाटात असायचं, आठवीपासून मी एकही वर्ष चुकवलं नाही आणि शाळा सुटल्यावर पण माजी विद्यार्थी म्हणून जातच राहिले. तीसेक मुलं, दोन सर, एक बाई आणि ती जाड निळ्या पुठ्ठ्याची नोंदवही. वहीत डावीकडे पक्ष्यांची नावं, पुढे एकेका वर्षाचा रकाना, आणि सगळ्यात वरची ओळ रानपिंगळ्याची, म्हणजे एका दुर्मिळ छोट्या घुबडाची. त्या ओळीत नुसत्या रेघा. दिसला नाही, दिसला नाही, दिसला नाही.

पहिल्या रात्री डॉर्मिटरीत ब्लँकेटं गुंडाळून सगळे गोल करून बसायचे आणि सर रानपिंगळ्याची गोष्ट सांगायचे. दरवर्षी तीच गोष्ट, तरी कुणी झोपायचं नाही. 1873 मध्ये ह्यूम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या पक्ष्याचं पहिल्यांदा वर्णन केलं, मग इकडून तिकडून मोजकेच नमुने, म्हणजे मारून जपून ठेवलेले पक्षी, मिळाले, शेवटचा 1884 मध्ये आपल्या खानदेशातून, आणि त्यानंतर पक्षी गायबच झाला. मधे माइनर्ट्झहागन नावाच्या एका कर्नलने आपण 1914 मध्ये गुजरातेत तो मिळवला असं लिहून ठेवलं होतं. पण तो नमुना म्युझियममधून चोरलेला जुनाच नमुना होता, त्यावर लेबल नवीन! पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी ती लबाडी उघडी पाडली, ती खोटी जागा बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे शोध घेतला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये त्यांना, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात तो जिवंत दिसला. 113 वर्षांनी. सर इथे थांबून वही वर धरायचे आणि म्हणायचे, एका खोट्या नोंदीने काय होतं बघा, म्हणून या वहीत शंका असलेलं काही जाणार नाही.

सकाळी सहाला फेरी निघायची. वनखात्याची परवानगी असायची, बरोबर तिथलेच कोरकू गार्डकाका, आणि चालायचं ते रस्त्याच्या मधोमध, कारण कडेला सागाची पानं पडलेली असतात आणि एका पायाने सुद्धा एवढा आवाज होतो की अख्खं जंगल सावध होतं. साग, सालई, मोहा, तेंदू, मधे मधे मोकळी जागा, रानपिंगळ्याला असंच विरळ जंगल लागतं, म्हणजे वरून जमिनीवरचा सरडा दिसला पाहिजे. आणि घरट्याला जुन्या झाडाची ढोली पाहिजे, ती झाडं तोडली की तो तिथून गेलाच समजा. घुबडाच्या जातीतला असून हा दिवसा फिरतो हे नवीन मुलांना खरंच वाटायचं नाही. थंडीत सकाळी वाळक्या शेंड्यावर ऊन खात बसतो, म्हणून आम्ही सगळे माना वर करून चालायचो.

तेव्हा मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलवायची पद्धत नुकतीच सुरू झाली होती. सरांनी ते कधीच करू दिलं नाही. आपल्या हद्दीत दुसरा आला असं वाटून तो शिकार सोडून धावत येतो, आपल्या पाच मिनिटांच्या हौसेसाठी त्याची सकाळ का घालवायची, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते आजही शंभर टक्के पटतं.

मी दहावीत असताना लांबून एक पिंगळा दिसला. उन्हाच्या विरुद्ध बाजूला होता, नुसता काळा आकार, पण मी आणि माझ्या मैत्रिणीने ठरवून टाकलं की हाच तो. सरांनी शांतपणे विचारलं, डोक्यावर ठिपके होते की नव्हते? आम्हाला सांगता येईना. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं, आणि आम्ही डोकं बघितलंच नव्हतं. रेघ मारली. त्या रात्री मी खूप रडले, बाई माझ्याजवळ बसून राहिल्या.

नंतर तीन वर्षांनी तो खरंच दिसला. गार्डकाका एकदम थांबले, हात मागे केला, कारण पुढे दोन कोतवाल पक्षी कुणावर तरी ओरडत होते. वाळक्या सागाच्या टोकाला तो बसलेला, वीतभर उंचीचा, गोल डोकं, त्याच्यावर ठिपका नाही, छाती तपकिरी आणि खाली पोट स्वच्छ पांढरं. शेपटी झटक्याने डावीकडे उजवीकडे हलवत होता. मग दगड पडावा तसा खाली गेला आणि परत वर आला तेव्हा पंजात सरडा लोंबत होता. तीस मुलं आणि कुणी खोकलं सुद्धा नाही.

तो उडून गेल्यावर सरांनी लगेच वही उघडली नाही. प्रत्येकाला वेगळं उभं करून काय दिसलं ते विचारलं. सातवीतली एक पोरगी म्हणाली, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे होते. मोठ्या मुलांपैकी कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. पिसांनी झाकलेले ते जाड पाय, अगदी बरोबर! सर हसले आणि पेन माझ्या हातात दिला.

पुढे 2014 मध्ये मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलातही तो सापडला, 2018 मध्ये धोक्याच्या यादीत तो 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त'वर आला, म्हणजे धोका एका पायरीने कमी धरला गेला, या दोन्ही बातम्या मी आधी सरांना फोन करून सांगितल्या.

वही आता शाळेच्या कपाटात आहे, मागच्या महिन्यात जाऊन बघून आले. सकाळी 8:10, वाळका साग, एक पक्षी, पाहणारे सगळे, असं माझ्या अक्षरात लिहिलंय. त्याच्या पुढच्या वर्षीच्या रकान्यात परत रेघ आहे, ती पण मीच मारलेली.