आमची वाटचाल: सात दिवसांची पोळी

२०२५ च्या दसऱ्याला आमच्या पोळीभाजी केंद्राला बावीस वर्षं झाली. मुलगा कधीचा मागे लागलाय, आई लिहून दे, बाकीच्यांचं असतं तसं, सुरुवात कशी केली, आज स्टाफ किती वगैरे. तसं लिहायचं तर दोन ओळीत संपतं. २००३ ला सुरू केलं, आज आठ बायका कामाला आहेत, रोजच्या हजार-बाराशे पोळ्या जातात. झालं. पण मला लिहायचंय ते २०१६ चं, जे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागले की माझं बीपी वाढतं आणि हे म्हणतात सोड आता.

डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर आमचं दुकान. यांची कंपनी बंद पडली तेव्हा मी आणि समोरच्या बिल्डिंगमधली ताई, दोघींनी माझ्या ओट्यावर दोन शेगड्यांवर पोळ्या सुरू केल्या. संध्याकाळी साडेसात-आठला लोकलमधून उतरलेल्या बायका घरी जाऊन कणीक मळायच्या मनःस्थितीत नसतात हे काही आम्ही शोधून काढलं नाही, डोंबिवलीत ते शेंबड्या पोराला कळतं. आमच्याकडे वेगळं होतं ते ताईचं लाटणं आणि तिचा तवा. बिडाचा, साताऱ्याहून माहेरून आणलेला, मधे किंचित खोलगट. नवा तवा पोळी धरतो, हा सोडायचा. घडीची पोळी म्हणजे नुसती गोल लाटलेली चपाती नव्हे, आत तेलाचं बोट फिरवून घडी घालायची, वरून पिठी, मग कडा पातळ ठेवत लाटायची, तव्यावर पदर सुटला पाहिजे. ताई तासाला साठ-सत्तर लाटायची आणि शेवटची पहिलीसारखीच असायची. गव्हात लोकवन आणि सिहोर आम्ही मिसळून घेतो, प्रमाण सांगणार नाही. गिरणीतून पीठ गरम येतं ते परातीत पसरून गार करायचं, लगेच डब्यात कोंबलं की दोन दिवसांत वास धरतं, हे घरी पीठ दळून आणणाऱ्यांनीपण लक्षात ठेवा.

२००५ ते २०१४ चं काय सांगू, पोळ्या लाटल्या.

आमचे एक गिऱ्हाईक आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. शिक्षक नव्हेत, एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालेले. स्वतःचा स्टीलचा डबा आणतात, पहिल्या दिवसापासून, तेव्हा प्लास्टिकबंदी वगैरे काही नव्हतं. त्यांच्या मिसेसना बीपी. एकदा विचारलं, वहिनी किलोभर भाजीत मीठ किती? मी म्हटलं अंदाजाने. ते म्हणाले अंदाजाने म्हणजे किती? दुसऱ्या दिवशी छोटा वजनकाटा घेऊन आले, दागिने मोजतात तसला, आणि माझ्या हाताची चिमूट मोजली! किलोला तेरा ग्रॅम निघालं. आज आम्ही आठ घालतो, पण एकदम नाही आणलं खाली, दर महिन्याला अर्धा अर्धा ग्रॅम, तरी दोन-चार जण अळणी म्हणून भांडलेच. तो काटा अजून आमच्या मिसळणाच्या डब्याशेजारी आहे.

तर २०१५. एका मोठ्या सुपरमार्केट चेनचा माणूस दुकानात आला. नाव घेत नाही, त्यांचे वकील मोठे आहेत. पोळी खाल्ली, म्हणाला मॅडम अशी पोळी आम्हाला रॅकवर पाहिजे, पाच पोळ्यांचं पाकीट, आमच्याच ब्रँडनी, रोज आठशे पाकिटं. आठशे पाकिटं म्हणजे चार हजार पोळ्या, डोकंच फिरलं आमचं. फक्त दोन अटी होत्या, सगळ्या पोळ्या एका मापाच्या हव्यात आणि सात दिवस टिकल्या पाहिजेत.

आता पोळी सात दिवस टिकत नाही हे मला काय कळत नव्हतं? कळत होतं. पण चार हजार पोळ्यांचा आकडा कानात बसला की बाकीचं ऐकू येत नाही. बँकेचं चौदा लाखांचं लोन काढलं, पाटल्या गहाण, एमआयडीसीत गाळा भाड्याने, चपातीचं मशीन घेतलं. तासाला हजार. मशीन लाटत नाही हो, गोळा गरम प्लेटमधे दाबतं, मग बेल्टवरून भाजायला पुढे. म्हणजे घडी नाही, पदर नाही. शिवाय आमच्या मशीनचा बेल्ट डावीकडे सरकायचा, दर चाळीस मिनिटांनी उजव्या बाजूचा बोल्ट पाव आटा आवळायला लागायचा, नाहीतर डावीकडच्या पोळ्यांच्या कडा करपायच्या. कंपनीच्या मेकॅनिकला शेवटपर्यंत कळलं नाही, आमच्या यांनी शोधून काढलं.

टिकण्यासाठी एक कन्सल्टंट आणला. त्याने कागदावर लिहून दिलं, बुरशी लागू नये म्हणून कॅल्शियम प्रोपिओनेट, ते आंबटपणा असल्याशिवाय नीट काम करत नाही म्हणून सोबत सायट्रिक ॲसिड, पोळी वातड होऊ नये म्हणून ग्वार गम आणि आणखी एक इमल्सिफायर. पाकिटामागे आयएनएस २८२, ३३०, ४१२, ४७१ असे आकडे दिसतात ते हेच. यात बेकायदेशीर काही नाही, प्रमाणात घातलं तर विषही नाही, उगाच कुणी व्हॉट्सॲपवर घाबरवू नये. पण ताईने पहिल्या दिवशी तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, ही आंबट लागते गं. मी म्हटलं लोकांना नाही कळत. ती म्हणाली मला कळतं ना, आणि हिला पदर नाही, मी हिला हात लावणार नाही. आठ दिवसांनी ती गेली. तवा घेऊन गेली. तवा तिचाच होता, कबूल, पण बारा वर्षं तो आमच्या तेलावर तयार झाला होता हेही कुणीतरी लक्षात घ्यावं.

सरांनी सुपरमार्केटातून आमचंच पाकीट विकत घेतलं. मला सांगितलं नाही. बारा दिवसांनी दुकानात आले, कागदात गुंडाळलेली एक पोळी काउंटरवर ठेवली. स्वैपाकघराच्या खिडकीत उघड्यावर ठेवली होती म्हणाले. कडा पापडासारख्या झाल्या होत्या, पण बुरशीचा एक ठिपका नाही, किडामुंगी नाही. म्हणाले, "वहिनी, हिला मुंग्यासुद्धा लागत नाहीत. तुमच्या काउंटरची पोळी माझ्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वास मारते, म्हणून तर मी रोज येतो." मला राग आला. मी त्यांना म्हटलं सर, धंदा असा चालत नाही. ते डबा घेऊन निघून गेले. दोन दिवस आले नाहीत.

आणि गंमत बघा, जी पोळी खिडकीत बारा दिवस मरत नव्हती, ती पाकिटात तिसऱ्या दिवशी मेली.

जुलै २०१६. दोन दिवसांची ऑर्डर एकदम, सोळाशे पाकिटं. मशीनवरून आलेली पोळी जाळीच्या कन्व्हेयरवर पंख्याखाली गार व्हावी लागते, हाताला अजिबात कोमट लागता कामा नये, मगच सील. दुपारी लाईट गेली. जनरेटरवर मशीन आणि सीलर चालायचे, पंखे नाही चालायचे, ते आम्हीच खर्च वाचवायला जोडले नव्हते, ही चूक आमची. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारतोय, त्यांच्या गोडाऊनची वेळ चुकली की दंड. सुपरवायझरने कोमट पोळ्या भरल्या. मी तिथे होते. मी बघितलं आणि काही बोलले नाही. गरम पोळी सील केली की आत घाम धरतो, पाकिटाला आतून थेंब, आणि पावसाळ्यात त्या थेंबापुढे २८२ काय आणि ४८२ काय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडच्या स्टोअरमधून फोन, मग वाशी, मग ठाणे. दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर फोटो, हिरवे ठिपके, मधे पांढरी लव, आणि वर छापलेलं बेस्ट बिफोर अजून चार दिवस पुढचं. चौथ्या दिवशी टेम्पोने चौदाशे पन्नास पाकिटं परत आली. माल परत आला की आपण समजतो फेकून द्यायचा, पण फेकणार कुठे? गुरांना घालता येत नाही, बुरशी आहे. ओला कचरा घेणारा पाकिटासकट घेत नाही. मग मी, हे आणि दोन बायका, कात्र्या घेऊन बसलो. प्रत्येक पाकीट कापायचं, पोळ्या एका पिंपात, प्लास्टिक दुसऱ्यात. रात्री अडीच वाजेपर्यंत. तो वास मला अजून पावसाळ्यात कधीतरी येतो, गाळा सोडून नऊ वर्षं झाली तरी.

आमची चूक होती त्याचे पैसे त्यांनी कापले असते तर मी एक शब्द बोलले नसते. पण साठ दिवसांची उधारी त्यांच्याकडे होती, तेरा लाखांच्या वर. त्यातून परत आलेला माल, दंड, "ब्रँडचं नुकसान", वर मागच्या सहा महिन्यांत एक्स्पायर झालेली पाकिटं, म्हणजे जी त्यांच्या रॅकवर विकली गेली नाहीत ती, सगळं डेबिट नोटने वजा. हातात आले सहा. बँकेचा हप्ता महिन्याला बत्तीस हजार. गोडाऊनमधे पाकिटं उन्हात ठेवलेली मी स्वतः बघितलेली, त्याचा फोटो आहे माझ्याकडे, पण त्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. महिन्याभरात त्याच रॅकवर त्याच ब्रँडची पोळी दुसऱ्या कुणाचीतरी होती, पाकिटावर तेच चित्र, नऊवारी नेसलेली बाई तव्यासमोर. ती बाई ताईसारखी दिसते असं मला वाटायचं, असो.

दुकान चालू होतं म्हणून वाचलो. काउंटर मी बंद केला नव्हता, सगळे म्हणत होते कर. माल परत आला त्यानंतर तिसऱ्या का चौथ्या दिवशी सर आले, डबा ठेवला, म्हणाले चार पोळ्या द्या, आणि पैशांचं एक पाकीट पुढे केलं, पाच हजार होते, म्हणाले आगाऊ आहेत, हिशोब वहीत लिहून ठेवा. त्या वहीत मी एकदा पोळीचा एक रुपया जास्त लावला तर त्यांनी लाल पेनने खूण करून परत दिली, असा माणूस. ताईने दोन बायका पाठवल्या लाटायला, चांगल्या हाताच्या, त्यातली एक अजून आहे. स्वतः आली नाही. तवा पण आला नाही. हळदीकुंकवाला भेटतो.

लोन २०२१ ला फिटलं. लॉकडाऊनमधे डबे दिले, ते सगळ्यांनीच दिले.

आता कुणी विचारलेलं नाही तरी सांगते. सुपरमार्केटात पाकीट हातात घेतलं की पुढचं चित्र बघू नका, मागची यादी बघा, त्यात जे जास्त असतं ते पहिलं लिहावं लागतं. मी एक मल्टिग्रेन रोटी बघितली, पुढे नाचणीची आणि ज्वारीची कणसं, मागे पहिला शब्द मैदा आणि नाचणी तीन टक्के. सोडियम मिलिग्रॅममधे असतं, चारशे मिलिग्रॅम म्हणजे साधारण एक ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी. ते आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की एका सर्व्हिंगचे तेही बघा, आणि एका सर्व्हिंगवर आपण थांबतो का ते आपल्या मनाला विचारा. दुसरं, हॉटेलातून आणलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकू नका. भातात एक जंतू असतो तो शिजूनही टिकतो, उबेत वाढला की विष करतो आणि ते विष परत गरम करून जात नाही. उरला की पसरट भांड्यात गार करून लगेच फ्रीजमधे. तळलेल्या वस्तूंचं तर बोलायलाच नको. आमच्याकडे पूर्वी एक माणूस काळं तेल विकत न्यायला यायचा, कशाला नेतो विचारलं तर हसायचा. जुलै २०१८ पासून नियम आहे, तेलातले पोलर कंपाऊंड, म्हणजे तेल परत परत तापवून त्यात तयार होतो तो खराब भाग, पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की ते तेल बाद. आम्ही तेव्हापासून मीटर घेतलाय, कोथिंबीर वडी आणि बटाटेवड्याच्या कढईत रोज दुपारी बुडवतो. बाद तेल बायोडिझेलवाल्यांना देतो. तो हसणारा माणूस आता समोर जातो.

समोर म्हणजे, आमच्याकडे चार वर्षं डिलिव्हरी करणारा मुलगा, मी त्याच्या बहिणीच्या लग्नाला पातेली दिली होती, त्याने रस्त्यापलीकडे दुकान टाकलंय. पोळी सात रुपये, आमची बारा. लाल अक्षरात "घरगुती". पीठ तयार पाकिटातलं, तेल पामोलिन, बिल मी बघितलंय कारण त्याचा दुकानदार आणि आमचा एकच. लोक मला म्हणतात तुमची महाग का? २०२५ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेपासून पाकीटबंद पोळी-पराठ्यावरचा जीएसटी शून्य झाला तेव्हा एक बाई मला म्हणाली आता तरी कमी करा. अहो, तो कर पाकिटातल्या पोळीवर होता, पराठ्याला अठरा का पाच यावर वाद चालायचे ते वेगळंच. तुम्ही डब्यात नेता त्या पोळीचा त्याच्याशी काय संबंध? पण समजावून थकले.

सर अजून येतात. मिसेस गेल्या त्यांच्या, आता दोनच पोळ्या नेतात आणि भाजीचा डबा छोटा केलाय.

आणि ते मशीन. २०१७ ला आम्ही ते भंगारच्या भावाने एका दलालाला दिलं, दलालाने कुणाला दिलं आम्ही विचारलं नाही. मागच्या महिन्यात समोरच्या दुकानाच्या मागच्या खोलीतून ओळखीचा आवाज यायला लागला, टकटक, मधेच घसरल्यासारखा खर्र. हे चहा पिता पिता थांबले आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या पोळ्या एका बाजूने करपतात अशी गिऱ्हाईकं तक्रार करतात, दोन वेळा मेकॅनिक येऊन गेला. उजव्या बाजूचा बोल्ट आहे. मी काही सांगणार नाही.

गुरुवारी दुकान बंद असतं. अळूची पातळ भाजी हवी असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगावं, आणि डबा घरून आणावा.