आमचं शिवार ओडिशात गेलं

पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी नकाशे करतो. माझं टेबल यवतमाळात, आणि हेच काम करणारी वीसेक पोरं-पोरी तालुक्यांत विखुरलेली. सगळ्यांच्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस. गॅरी शर्मन नावाच्या माणसानं 2002 मध्ये सुरू केलेलं हे नकाशांचं सॉफ्टवेअर मुक्त आहे आणि फुकटही, म्हणून तर आम्हाला परवडतं. त्याची इंग्रजी मदतपुस्तिका चांगली आहे. पण तिच्यात ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी गायरान, नाही, शिवधुरा, म्हणजे दोन गावांच्या शिवेवरचा बांध, नाही, आणि कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली गटनंबरांची यादी हातात पडली तर काय करायचं तेही नाही.

त्यामुळे सगळे प्रश्न व्हॉट्सॲपवर माझ्याकडे. "सर, फाईल उघडून नाही राहिली." बघावं तर पाठवणाऱ्यानं फक्त एसएचपी धाडलेली. शेपफाईल, म्हणजे नकाशातल्या आकृत्या साठवायचा प्रकार, ही एकटी फाईल नसते, एसएचएक्स आणि तक्त्याची डीबीएफ ही भावंडं बरोबर लागतातच, पीआरजेही हवी. हे मी किती वेळा टाइप केलं असेल देव जाणे. दुसरा ठरलेला प्रश्न रकान्यांच्या मथळ्यांचा. डीबीएफमध्ये मथळ्याला दहाच बाइट मिळतात आणि यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. 'गटक्रमांक' लिहिलं की 'गटक' उरतं. "सर, मथळे उंदरानं कुरतडले," असं एकानं लिहिलं होतं. त्याहून चांगलं वर्णन मला आजवर जमलेलं नाही.

शेवटी वैतागून मी विकी, म्हणजे कोणालाही लिहिता-खोडता येईल असं संकेतस्थळ, उभा केला. डोकूविकी घेतला, कारण त्याला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाईल. दोन महिने रात्री बसून तीसेक पानं लिहिली. सगळ्यांना लॉगिन दिलं आणि बजावलं, हा तुमचा आहे, चुकलं तर दुरुस्त करा, नवीन सुचलं तर घाला. सगळ्यांनी वाचला. हात जोडलेले आणि अंगठ्यांचे इमोजी आले. लिहिलं कोणीच नाही. बदलांच्या यादीत वरपासून खालपर्यंत एकच नाव, माझं.

शिवार ओडिशात गेलं तो दिवस मार्चमधला. दिग्रस तालुक्यातल्या एका गावात बांधबंदिस्तीचा आराखडा गावापुढं मांडायचा होता. शाळेच्या खोलीत भिंतीला पांढरी चादर लावलेली, प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर. तिथलं मोजमाप आमच्या तिथल्या मुलीनं केलं होतं. चार दिवस ती जीपीएस घेऊन शिवधुऱ्यानं आणि नाल्याच्या काठानं फिरली. यंत्राची केबल हरवलेली, म्हणून एकेक बिंदू तिनं वहीत उतरवला आणि रात्री एक्सेलमध्ये भरला. साठ-सत्तर ओळी, दोन रकाने.

तिनं लेयर चालू केला आणि चादरीवर गर्द हिरवे डोंगर उमटले. त्यावर आमचा नाला, निळ्या रेघेत, झाडांच्या डोक्यावरून गेलेला.

पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून चादरीजवळ गेले. बोटानं रेघ चाचपली.

"हे आमचं गाव नोहे, बाप्पा. एवढं जंगल आमच्या इकडे कुठी आहे?"

मी माऊस हातात घेतला आणि चित्र लहान करत गेलो. बाजूला भवानीपटना आलं, वर बलांगीर. आम्ही ओडिशात होतो. सरपंच मागून म्हणाले, "मंग आता घरकुलाचे पैसे तिकडून येते का?" खोली हसली. ती मुलगी हसली नाही, लॅपटॉपकडे बघत राहिली.

मी तिची वही मागितली. पहिल्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं लिहिलेलं : 43 क्यू. माझ्या पोटात गोळा आला.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. मीटरमध्ये मोजता यावं म्हणून आम्ही यंत्र यूटीएम पद्धतीवर ठेवतो. त्यात पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशाचे पट्टे पाडलेले असतात. 72 ते 78 अंशांचा पट्टा 43वा, 78 ते 84 अंशांचा 44वा. प्रत्येक पट्ट्यात पूर्व-पश्चिम अंतराचे मीटरमधले आकडे नव्यानं सुरू होतात, म्हणून 784 हजारांच्या आसपासचा तोच आकडा 43 मध्ये दिग्रसजवळ पडतो आणि 44 मध्ये सव्वासहाशे किलोमीटर पूर्वेला. आणि ही 78ची रेघ नेमकी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून जाते. शहर रेघेच्या पूर्वेला. दिग्रस, दारव्हा, पुसद पश्चिमेला.

मी शहरात बसतो. माझी गावं घाटंजी आणि पांढरकवड्याकडची, सगळी पूर्वेची. म्हणून विकीवर, 'वहीतले बिंदू नकाशावर आणणे' या पानात, मी ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवलं होतं : 'प्रणाली विचारली की नेहमी 32644 निवडा.' 32644 हा 44व्या पट्ट्याच्या प्रणालीचा क्रमांक. त्यातला 'नेहमी' माझा.

"वहीत 43 लिहिलंय, ते दिसलं नाही का?" मी हळू विचारलं.

"दिसलं होतं न सर. पण तुमच्या पानावर 44 होतं. मला वाटलं यंत्रच चुकलं."

तिला हे दोन आठवडे आधीच खटकलं होतं. घरी एकदा 43 लावूनही पाहिलं होतं, गाव बरोबर जागी आलं होतं. तरी पान म्हणतं म्हणून तिनं पुन्हा 44 केलं.

दुरुस्ती मिनिटभराची. लेयरवर उजवी टिचकी मारून त्याची प्रणाली बदलली, 32643. गंमत म्हणजे हेच बटण दाबू नका म्हणून मी एरवी सगळ्यांवर ओरडतो. ते फक्त पोत्यावरची चिठ्ठी बदलतं, आतला माल तोच राहतो, आणि बहुतेक वेळा लोकांना माल बदलून हवा असतो. इथं माल चोख होता, चिठ्ठी मी चुकीची लावायला लावली होती. डोंगर गेले, तपकिरी वावरं आली, नाला नाल्यात बसला. आजोबांनी पुन्हा जवळ जाऊन पाहिलं. एका वळणावर बोट ठेवून म्हणाले, "इथं पाणी आता अलीकडून जाते. मागच्या पुरात धुरा फुटला." तिनं वहीत टिपून घेतलं. पुढची सभा बांध कुठं घालायचा यावर नेहमीसारखी तासभर भांडण होऊन संपली.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसलो असताना मी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. म्हटलं, ते पान तूच नीट कर.

"सरांनी लिहिलेलं मी कसं खोडू?"

मी म्हटलं, खोडलेलं कुठं जात नाही, जुनी आवृत्ती मागे शाबूत असते. तरी तिनं आधी माझी ओळ तशीच ठेवली आणि खाली 'टीप' म्हणून भीतभीत दोन वाक्यं घातली. एकाखाली एक 44 आणि 43. मी म्हटलं, उद्या नवीन पोरगा यातलं कोणतं मानेल? तेव्हा कुठं तिनं माझी ओळ निवडली आणि डिलीट दाबलं. त्या जागी तिनं माझ्यापेक्षा बरं लिहिलं : आधी यंत्राच्या पडद्यावर पट्ट्याचा आकडा बघा, तो वहीच्या प्रत्येक पानावर लिहा, मग प्रणाली निवडा. खाली तालुक्यांचा तक्ता केला. पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस, दारव्हा एका बाजूला. घाटंजी, केळापूर, मारेगाव, वणी दुसऱ्या. आर्णीपाशी ती अडली, कारण रेघ तिथंच कुठंतरी जाते. तो रकाना तिनं रिकामा सोडला. बदलाचं कारण विचारणाऱ्या चौकोनात लिहिलं, 'गाव परत आणलं'.

सरांची ओळ उडाली ही बातमी ग्रुपवर माझ्याआधी पोचली. त्या आठवड्यात वणीच्या मुलानं कृतिदेवची यादी युनिकोडमध्ये कशी करायची यावर अख्खं पान लिहिलं. दुसऱ्या एकानं नकाशा छापण्यावरचं माझं पान निम्म्यानं कापलं, कारण दिलं 'पाल्हाळ'. ते माझ्या मनाला दोन दिवस लागलं होतं. आजही त्यातला एक परिच्छेद ठेवायला हवा होता असं माझं मत आहे.

आर्णीचा रकाना महिनाभर तसाच होता. मग एका रात्री तिथल्या पोरानं तो भरला. 'आर्णी : दोन्ही. सकाळी 43 होतं आणि आकडा 813 हजारांवर होता. नाला ओलांडला तर 44 झालं आणि आकडा 186 हजारांवर आला. यंत्र बिघडलं नाही. दुकानात नेऊ नका, मी नेलं होतं.'