तुम्ही विचारलंत म्हणून : "मॅडम, मग शिकवता कधी?"

हा प्रश्न मला नणंदेपासून एसटीत शेजारी बसणाऱ्या आज्जीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय, शब्द फक्त इकडचे तिकडे. "हल्ली झेडपीच्या शाळेत नुसते उपक्रमच की हो." किंवा, तुमच्यासारख्या एखाद्या आईचं, "पोरगं घरी येऊन सांगतं आज काड्या खेळलो, आज बाजार खेळलो, मग शिकवता कधी?" नणंदेचं तर सरळच असतं, तुमची मजा आहे बाई. मी जुन्नर तालुक्यात वाडीवरच्या शाळेत आहे, पहिली ते चौथी, शिक्षक दोन, म्हणजे एका वेळी दोन दोन वर्ग एका खोलीत. तिथे मजा कशी असते ते एकदा येऊन बघा, पण असो, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तरच सांगते.

काड्यांचंच घेऊ. दुसरीला वजाबाकी चालू होती. फळ्यावर 42 वजा 17. आपल्या वेळी बाई सांगायच्या "दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक उसना घे" आणि आपण घ्यायचो, कुणाकडून घेतला, का घेतला, परत कधी दिला, काही विचारायचं नाही. मुलं काय करतात माहितीये का, दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन घालवतात, पाच आले, चारातून एक गेला तीन, उत्तर 35. अर्ध्या वर्गाचं 35 येतं. आणि ते पूर्ण खात्रीने लिहितात, कारण त्यांच्या दृष्टीने मोठ्यातून लहान वजा करायचं असतं हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं.

मग काड्या काढल्या. दहा दहाचे गठ्ठे रबर लावून, आणि बाकी सुट्ट्या. चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या एका मुलीपुढे ठेवल्या आणि म्हटलं, यातल्या सतरा मला दे. तिने एक गठ्ठा दिला, मग दोन सुट्ट्या दिल्या, मग थांबली. राहिलेल्या तीन गठ्ठ्यांकडे बघत बसली. मी म्हटलं अजून पाच पाहिजेत की गं. तर म्हणते, "मॅडम, रबर काढला तर दशक मोडंल." मी काही बोलले नाही. शेजारचा पोरगा चुळबुळ करायला लागला, त्याला डोळ्यानेच गप्प केलं (हे सगळ्यात अवघड काम, खरंच सांगते, उत्तर माहीत असलेल्या पोराला गप्प बसवणं). बराच वेळ गेला आणि मग तिने रबर काढला, तो मनगटात घातला, पाच काड्या मोजून दिल्या आणि समोर राहिलेल्या बघून स्वतःशीच म्हणाली दोन दशक पाच सुट्टे, पंचवीस. मग वहीत बघितलं, 35 लिहिलेलं. खोडरबर मागायला उठली. मी सांगितलं नव्हतं खोड म्हणून.

तर ताई, शिकवलं ते तेव्हा. तुमच्या मुलाने घरी येऊन सांगितलं की आज काड्या खेळलो, आणि ते खोटं नाही, त्याला खेळल्यासारखंच वाटलं असणार.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर म्हणाल मॅडम आपलीच आरती ओवाळतायत. उपक्रम सगळे काही असे नसतात. काही उपक्रम मुलांसाठी असतात आणि काही निव्वळ फोटोसाठी. वरून मेसेज येतो, अमुक दिवस साजरा करा, फोटो टाका, लिंक भरा, आजच्या आज. मग घोषवाक्यांचे कागद रंगवायचे, ते मुलांच्या हातात द्यायचे, रांगेत उभं करायचं, फोटो काढायचा आणि कागद गोळा करून कपाटात, पुढच्या वर्षी तारीख बदलून चालतात. पहिलीतलं पोरगं घोषवाक्य उलटं धरून उभं असतं कारण त्याला ते वाचताच येत नाही. अशा दिवशी तुम्ही मला "शिकवता कधी" विचारलंत तर माझ्याकडे उत्तर नाही, तो प्रश्न अगदी बरोबर आहे. मी आपली साधी खूण ठेवलीय. उपक्रम चालू असताना मुलं बोलतायत की मीच बोलतेय? मी एकटीच बोलत असेन तर तो कार्यक्रम झाला, वर्ग नाही झाला.

वाचनाचंही तसंच. 2021 मध्ये केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, त्यात तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला कमीत कमी 60 शब्द समजून वाचावेत असं आहे. ध्येय चांगलंच आहे, "समजून" हा शब्द तर फारच चांगला. पण मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं की तो पहिला विसरला जातो. माझ्याकडे एक जण आहे, रेल्वेसारखा वाचतो, पूर्णविराम वगैरे स्टेशनं घेतच नाही, आणि संपल्यावर विचारलं गोष्टीत कोण कोण होतं तर छताकडे बघतो. दुसरी एक आहे, अडखळत वाचते, पण मध्येच थांबून म्हणते "ह्यो माणूस खोटं बोलतोय मॅडम." तक्त्यात पहिला पुढे आहे. मला विचाराल तर वाचायला ही दुसरी आलीय.

म्हणून आम्ही पुस्तकाबाहेरचंही वाचतो. अक्षरं तर आता क ख ग अशी ओळीने शिकवतच नाहीत, ज्यांचे लवकर शब्द होतात ती आधी, म, क, ल, र आणि काना आला की लगेच मका, माला, कार, काम. पोरगं चार-पाच अक्षरांवर वाचायला लागतं आणि त्याला वाटतं आपल्याला येतंय. मग घरून कागद आणायला सांगते, बिस्किटाचा पुडा, बियाण्याची पिशवी, लग्नपत्रिका, खताच्या गोणीवरची अक्षरं लिहून आणायची. एकाने फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं लेबल आणलं, त्यावर लाल अक्षरांत "विष". बाटली घरी कुठे ठेवतात यावर मग जी चर्चा झाली ती मी कुठल्याच तासाला ठरवून घेऊ शकले नसते. दोघांच्या घरी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. दुसऱ्या दिवशी नव्हती.

पोषण आहाराचा तांदूळ हा आमचा रोजचा फुकटचा गणिताचा तास. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम. हजेरी झाली की चौथीतलं कुणीतरी चिठ्ठी लिहितं, 26 हजर म्हणजे 2 किलो 600 ग्रॅम, आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना नेऊन देतं. मावशी चिठ्ठी वाचून मान हलवतात आणि आपल्या अंदाजानेच घेतात, तो भाग वेगळा.

शिवनेरीला पण नेलं होतं. चौथीला परिसर अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे अख्खा शिवछत्रपतींचा इतिहास, आणि आमच्या पोरांना तर गड तालुक्यातच. गंमत म्हणजे रोजचा असल्यामुळे कुणी नीट बघितलेलाच नसतो. यावेळी मी माहिती सांगायचीच नाही असं ठरवलं, फक्त बघा आणि प्रश्न लिहा. सात दरवाजे मोजत वर गेलो. गंगा-जमुना टाक्यांपाशी पोहोचल्यावर एकाने विचारलं, इतक्या वर टँकर कसा यायचा? सगळे हसले, मीही हसले, पण प्रश्न भारी आहे की नाही? ज्या पोराच्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर येतो त्यालाच तो पडणार. मग खडकात टाकं खोदायचं, पावसाचं आणि झऱ्याचं पाणी साठवायचं, वर्षभर पुरवायचं, हे सगळं त्यांनी एकमेकांत भांडत काढलं. 1630 साली राजांचा जन्म इथे झाला हे पाठ होतंच त्यांचं, पण या गडावर माणसं राहायची, पाणी प्यायची, हे त्या दिवशी पोहोचलं.

आणि बाजार. आनंद बाजार म्हणजे मुलं घरून भाजी, भेळ, लिंबू सरबत आणतात आणि गावाला विकतात. यावर टीका फार होते, पोरांना दुकानदार बनवायचंय का वगैरे. आमच्याकडची पोरं नारायणगावच्या टोमॅटो मार्केटच्या गप्पा ऐकत मोठी होतात, कॅरेट म्हणजे टोमॅटोची 20 किलोची पेटी हे त्यांना मीटर-सेंटीमीटरच्या आधी कळतं. 2023 च्या जुलैत कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं होतं ते आमच्याकडे अजून सणासारखं आठवतात. त्यांना बाजार काय मी शिकवणार? मला पाहिजे होता तो नंतरचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी चौथीला विचारलं, नफा किती झाला? भेळवाल्यांनी चुरमुरे, फरसाण, कांदे सगळं वजा करून सांगितलं, चांगलं सांगितलं. टोमॅटो विकणारा म्हणाला, "मॅडम, आमचा सगळाच नफा, शेतातलं हाये ना." वर्गाला पटलं. विकत आणलं नाही म्हणजे फुकट. मी म्हटलं, हे घरी आज्जीला विचारून ये.

आज्जी स्वतःच शाळेत आली. दारातूनच सुरू, "ह्याला म्हणावं सगळाच नफा तर मग आमच्यावर सोसायटीचं कर्ज कशाचं?" (सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी गावची सहकारी संस्था.) बसवलं तिला खुर्चीवर आणि पोरं लिहायला लागली. रोपं, मल्चिंगचा म्हणजे वाफ्यावर अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद, बांबू, सुतळी, तार, फवारणी, खत, लाईट बिल, तोडणीची मजुरी, मार्केटला न्यायचं टेम्पोभाडं. एकेक रक्कम ती बोटांवर सांगत होती, कुठे अडली तर "थांब, बिल हाये घरी, उद्या पाठवते." चौथीचं पुस्तक त्या दिवशी उघडलं नाही, हे कबूल.

बिलं आली, ती जाड दोऱ्याने ओवून वर्गात लावलीत. हिशोब अजून पूर्ण झालेला नाही. आज्जी रोज शेतात राबते तिची मजुरी खर्चात धरायची का नाही, यावर वर्गात दोन पार्ट्या पडल्यात, आणि ज्याची आज्जी तो सध्या "नको" वाल्यांत आहे, कारण धरली की टोमॅटो तोट्यात जातोय.