न पडलेला दगड

सोलापुरातल्या एका टूर कंपनीत मी टूर मॅनेजर आहे. मे महिन्यात गाव तापलं की लोकांना हिमाचल आठवतं. कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, पुढं शिमला, सराहन करत आम्ही त्यांना किन्नौरात नेतो. लोकांना वाटतं, ह्याला फुकट फिरायचा पगार मिळतो. खरं काम म्हणजे डोकी मोजणं, स्वच्छ संडास हेरून ठेवणं आणि कडक भाकरी-शेंगा चटणीचा साठा शेवटच्या दिवसापर्यंत पुरवणं.

करछमला सतलज सोडली की बस्पा नदीचं खोरं सुरू होतं. सांगला, बटसेरी, रकछम आणि टोकाला छितकुल, 3,450 मीटरवर. त्यापुढं आयटीबीपीची, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांची, चौकी आणि डोंगरांपलीकडं तिबेट. सगळ्यांना छितकुलच्या ‘आखिरी ढाब्या’समोर फोटो हवा असतो. नदीकडं कोण बघतंय!

त्या दिवशी सांगला सोडायलाच दुपार झाली. आंघोळी, दुसरं काय. रकछमच्या अलीकडं ड्रायव्हरनं टेम्पो ट्रॅव्हलर थांबवली, इंजिन आणि गाणी बंद केली, काच खाली घेतली. समोर डांबरावर लिंबाएवढे दगड पडलेले. उतरून एक उचलला. फुटलेली बाजू पांढरीशुभ्र, तिच्यावर धूळ नाही. म्हणजे आत्ताचा. वर उतारावर मातीची बारीक रेघ अजून उडत होती. दुपारी वरचा बर्फ वितळतो, पाणी भेगांत जातं आणि दगड सुटतात. पाऊसच लागतो असं नाही. किन्नौरचा ड्रायव्हर हे कानानं ओळखतो, आणि आमच्याकडं त्याला जेवायला शेवटी बसवतात.

“आप बोलो,” तो म्हणाला. मी गाडी मागं घ्यायला लावली. 25 जुलै 2021 ला याच खोऱ्यात, बटसेरीजवळ, दरडीतले दगड टेम्पो ट्रॅव्हलरवर आले होते. 9 पर्यटक गेले, बस्पेवरचा पूल तुटला. हे प्रवाशांना सांगितलं नाही. सहलीत कुणी सांगतं का?

दोनेक तास बसलो. तेवढ्यात आमच्या शेजारून गाड्या बिनधास्त जात होत्या.

“मालक, ते गेले की!” बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले. “आपलीच गाडी काय काचेची हाय का?”

“काका, थोडं ऊन उतरू द्या.”

“आम्ही पैसे ऊन उतरायचे भरलेत?”

त्यांचं चुकलं असं मला अजूनही ठामपणे म्हणता येत नाही. गेलेल्या एकाही गाडीला खरचटलं नाही. दगड पडला असता तर मी देव झालो असतो. पडला नाही, म्हणून भित्रा. छितकुलला पोचलो तेव्हा अंधारलं होतं, ढाबा बंद. फोटो कुठला!

सोलापुरात येताच काकांनी परताव्याचा अर्ज टाकला. ऑफिसच्या फॉर्ममध्ये कारणं तीनच: रस्ता बंद, गाडी बिघाड, प्रवाशाची तब्येत. रस्ता तर चालू होता. मी ‘इतर’वर खूण केली आणि लिंबाएवढ्या दगडांचा फोटो जोडला. फोन आला, “यापेक्षा मोठा दगड नाही का एखादा?”

पुढच्या बॅचला सांगल्याहून निघायची वेळ सकाळी सहा अशी छापून घेतलीय. बुकिंगवाल्या पोरीनं आत्ताच सांगून ठेवलंय, लोक कुरकुरणार.