आवळी भोजनाआधीची पायपीट

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या मंडळाची ओळख गणेशोत्सवातल्या देखाव्यांवरून आणि फुटबॉलच्या हंगामातल्या गर्दीवरून असली, तरी आम्हा घरोघरच्या माणसांना वर्षभर ज्याची ओढ लागून राहते, तो मेळावा कार्तिकातला आहे. कार्तिक शुद्ध पक्षात आवळ्याच्या झाडाखाली पंगत मांडून जेवण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. आमच्या मंडळातही पूर्वी बायका-मुले टेम्पोतून एखाद्या मळ्यात जात, आवळ्याच्या बुंध्याशी हळदकुंकू वाहून पंगत बसे आणि दुपार कलली की सगळे परतत. एका वर्षी मंडळातल्या निवृत्त गुरुजींनी बैठकीत सुचवले की, जेवणाआधी सगळ्यांनी मिळून चालावे, आणि तेही कळंबा तलावाच्या काठाने. तेव्हापासून वनभोजनाला पायपीट जोडली गेली आणि हळूहळू लोक पंगतीइतकेच तिच्याविषयीही बोलू लागले.

कळंब्याची निवड करताना गुरुजींच्या मनात पेठेचाच विचार होता. आमच्या पेठेत ‘पाण्याचा खजिना’ नावाची जागा आहे. तिच्याजवळून रोज जाणाऱ्या मुलांना त्या नावामागची गोष्ट ठाऊक नव्हती. शहराच्या दक्षिणेला असलेल्या कळंबा तलावाचे पाणी कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ जमिनीच्या उताराने वाहत या खजिन्यापर्यंत येत असे, आणि तलावात ते पाणी येते कात्यायनीच्या डोंगरांवरून उतरणाऱ्या ओढ्यांतून. तलावाच्या बांधावर सगळे जमले की गुरुजी डोंगर आणि शहर अशा दोन्ही दिशा हाताने दाखवत आणि पावसाचा थेंब आपल्या माठापर्यंत कसा पोहोचत होता, ते सांगत. दरवर्षी तेच सांगत असूनही त्यांच्या आवाजातली आस्था कधी कमी झाली नाही आणि ऐकणाऱ्यांनाही ते पुन्हा ऐकावेसे वाटे.

चालण्याचा नियम एकच होता: सर्वांत वयस्कर आजीच्या पुढे कोणी जायचे नाही. वाट फारशी चढउताराची नव्हती, त्यामुळे कडेवरच्या बाळापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे येत. हळू चालल्यामुळे माणसांना आजूबाजूला पाहायला वेळ मिळतो, हे मला त्या नियमामुळेच कळले.

वाटेचा पहिला टप्पा वनीकरणातल्या तरुण झाडीतून जाई. करंज, कडुनिंब, जांभूळ, बहावा, आवळा अशी ती झाडे आम्ही प्रथम पाहिली, तेव्हा प्रत्येकाला काठीचा आधार आणि भोवती काटेरी फांद्यांचे कुंपण होते, आणि सावली म्हणावी अशी कुठेच नव्हती. पुढे त्यांच्या फांद्या वाटेवर झुकू लागल्या. तरुण रानाचे सौंदर्य म्हाताऱ्या रानाहून वेगळे असते. पानांचे छत अजून मिटलेले नसल्यामुळे ऊन जमिनीपर्यंत पोहोचते आणि झाडांच्या पायाशी कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, आघाडा, टाकळा यांची दाटी होते. इथे गुरुजी मागे राहत आणि आमच्या आक्का पुढे होत, कारण कोवळ्या कुर्डूची भाजी कशी करायची आणि टाकळा कोणत्या दिवसांत खुडायचा, याचे ज्ञान त्यांच्याकडे होते. तरुण सुनांना त्या पान चुरगाळून वास घ्यायला लावत.

झाडी संपली की गवताळ माळ लागे, आणि आमचा सर्वाधिक वेळ तिथेच जाई. कार्तिकात गवत पिवळे पडू लागलेले असते आणि कुसळीची कुसळे मुलांच्या मोज्यांत, बायकांच्या साड्यांच्या काठांत अडकून बसतात. ती काढायला सगळे खाली बसले की गुरुजी एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवत. ओल लागताच त्याचा पिळलेला शेपूट उलगडू लागे आणि ते कुसळ हातावर हळूहळू फिरे. हवेतल्या ओलाव्याने पीळ सुटतो, उन्हाने पुन्हा बसतो आणि या हालचालीतून टोकदार बी स्वतःला मातीत रोवून घेते, हे त्या प्रयोगातून लहानथोर सर्वांना उमगे. याच माळावर रोपे लावण्याचा ठराव एकदा मंडळापुढे आला होता. गुरुजींनी त्याला विरोध केला. चंडोल आणि टिटवी जमिनीवरच घरटे करतात, त्यांना मोकळा माळच लागतो आणि गवताळ जमीन ओसाड समजून झाडांनी भरून टाकणे म्हणजे त्यांचे घर मोडणे, असे त्यांनी शांतपणे समजावले. काही कार्यकर्ते नाराज झाले, पण ठराव मागे घेतला गेला, आणि तो निर्णय योग्यच होता असे मी आजही मानतो.

माळ उतरला की तलावाचा उथळ, दलदलीचा काठ येई. पावसाळ्यानंतर पाणी मागे सरकू लागते आणि उघड्या पडणाऱ्या चिखलात गोगलगायी, अळ्या व किडे यांची मेजवानी मांडली जाते. लांब लाल पायांचे शेकाटे थोड्या खोल पाण्यात उभे राहतात, तुतवार ओल्या कडेने फिरतात आणि उत्तरेकडून हिवाळ्यापुरता आलेला धोबी शेपटी हलवत कोरड्या चिखलावर धावतो. ज्याचे पाय आणि चोच जितकी लांब, तितक्या खोलीवर त्याचे ताट, ही वाटणी मुले चटकन ओळखत. दाट पाणकणसांतून जांभळी पाणकोंबडी बाहेर आली की बायकाही मुलांइतक्याच हरखून जात. २०१६ च्या उन्हाळ्यात तलावाचा तळ उघडा पडला, तेव्हा त्या भेगाळलेल्या जमिनीकडे पाहताना पेठेतल्या अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. तलाव आपला आहे ही भावना त्या वर्षांच्या चालण्यातूनच रुजली होती.

मग पंगत. भाकरी, झुणका, भरताचे वांगे, खर्डा, दहीबुत्ती आणि आवळ्याचे ताजे लोणचे यांची घरे दसऱ्यानंतरच्या बैठकीत वाटून दिलेली असत, आणि खर्डा कोणी करायचा यावर दरवर्षी आग्रहाची चढाओढ होई. आता आम्ही मळ्यात जात नाही. वनीकरणातल्याच आवळ्यांखाली बसतो. जेवण झाल्यावर मुले दिवसभरात पाहिलेल्या पक्ष्यांची नावे मोठ्याने वाचून दाखवतात, मोठी माणसे त्यात भर घालतात, आणि तोवर कार्यकर्ते पत्रावळ्या व कागद गोळा करून पोत्यात भरतात. यंदा ते वाचन गुरुजींच्या नातीकडे आहे आणि तिने आधीच वहीत रकाने आखून ठेवले आहेत.