आमची वाटचाल : बरणी, ऊन आणि काचेतली रेघ

1987 साली वेंगुर्ल्याजवळ घरच्या पडवीत आम्ही अमृत कोकम, म्हणजे कोकम सरबताचा गोड पाक, करायला घेतलं. पद्धत आईची. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालींना दुप्पट साखर लावून बरणी आठवडाभर उन्हात ठेवायची. साखरच रस ओढून घेते, पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाक झाला का, ते चिमटीत तार धरून बघायचं. ती तार माझ्या बोटांत पक्की बसली होती आणि मला त्याची मिजासही होती.

2008 च्या पावसाळ्यात मुंबईहून गिऱ्हाइकांचे फोन आले, बाटल्यांची झाकणं उडतायत! सरबत आंबलं होतं. चाळीस बाटल्या परत घेतल्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठात गेलो, तेव्हा कळलं की पाकातलं विरघळलेलं घन, म्हणजे मुख्यतः साखर, 65 टक्क्यांच्या खाली राहिलं तर तो आंबू शकतो. ढगाळ दिवसांत उन्हाने दगा दिलेला, आणि बोटांना 60 आणि 65 मधला फरक कळत नाही. रिफ्रॅक्टोमीटर घ्या म्हणाले. काचेवर पाकाचा थेंब ठेवून आत बघायचं, रेघ ज्या आकड्यावर दिसते तेवढे टक्के.

घेतला, पण 0 ते 32 टक्के मोजणारा. तो फळांच्या रसाला ठीक. आमच्या पाकाची रेघच दिसेना. ही म्हणाली, "ह्या काय, पाकात दुर्बीण लावन बघतास?" दुसरा 58 ते 90 चा मागवला, तेव्हा रेघ दिसली. तेव्हा मी पन्नाशीत होतो. चष्मा काढून काचेत बघायला महिनाभर सराव लागला.

पुढची यंत्रं मात्र आपण होऊन अंगावर आली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. ते काम मी सरळ मुलाकडे सोपवलं. क्यूआरचा कागद गल्ल्यावर चिकटवला. ओटीपीचं तेवढं विचारू नका. आमच्या वाडीत रेंज नाही, सड्यावर चढायचं, आकडे पाठ करत खाली यायचं, तोवर मुदत संपलेली. व्हॉट्सॲपच्या ऑर्डरी हिच्याकडे. ती बोलून पाठवते, मी वहीत उतरवतो.

2025 ला मे महिन्यातच पाऊस कोसळला. बरण्या पडवीत आणल्या. एक 59 वर अडून बसली. साखर वाढवली, मंद आचेवर ढवळली, पुन्हा मोजली. तिसऱ्या दिवशी रेघ 66 वर आली, मग झाकणं लावली.