वजन, बांधा आणि कमान : आकाशातून पडण्याच्या वेगाविषयी

सुट्टीवर ठाण्याला आले की ॲरिझोनातल्या उन्हाळ्याची चौकशी करून झाल्यावर नातेवाईकांचा मोर्चा विमानातून उड्या मारण्याच्या माझ्या छंदाकडे वळतो, आणि नौपाड्यातले मामा दरवेळी एकच शंका काढतात : जाड माणूस बारीक माणसाच्या आधी खाली येतो का? त्यांच्या शेजारचे, विज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर लगेच गॅलिलिओचा दाखला देतात आणि सर्व वस्तू सारख्याच वेगाने पडतात असे बजावतात. सरांचा नियम निर्वात जागेत तंतोतंत खरा आहे. मात्र फिनिक्स आणि टुसॉन यांच्या मधोमध असलेल्या इलॉय गावावर, जिथे आम्ही उड्या मारतो, तिथे हवा आहे आणि ती माणसामाणसांत फरक करते.

साधारण 4,000 मीटर उंचीवर विमानाबाहेर पडल्यानंतर पहिली दहाबारा सेकंदे वेग वाढत जातो. वेगाबरोबर हवेचा विरोधही वाढतो, तो वजनाच्या बरोबरीला आला की वेगवाढ थांबते आणि शरीर जवळपास एकाच गतीने खाली येऊ लागते. पोटावर आडवे पसरून पडणाऱ्या सर्वसाधारण माणसासाठी ही गती ताशी 190 किलोमीटरच्या आसपास असते. ती वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 60 किलोच्या आणि 90 किलोच्या माणसांनी हवेला अगदी सारखाच पृष्ठभाग दाखवला असता, तर दुसरा दीडपट नव्हे, सुमारे 22 टक्के जास्त वेगाने पडला असता.

प्रत्यक्षात तसेही होत नाही, कारण वजनाबरोबर अंगही वाढते. 90 किलोचा माणूस 60 किलोच्या माणसाचीच सर्व बाजूंनी मोठी केलेली प्रतिकृती असेल, तर त्याचे क्षेत्रफळही वाढलेले असते आणि दोघांच्या वेगातला फरक जेमतेम सात टक्के उरतो. खरा फरक पडतो तो बांध्यामुळे. ठेंगणा, भरीव, आटोपशीर बांध्याचा माणूस किलोमागे हवेला कमी पृष्ठभाग दाखवतो आणि वेगाने पडतो. लांब हातापायांचा शेलाटा माणूस तेवढेच वजन मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि वरच रेंगाळतो. मामांच्या शंकेचे उत्तर त्यामुळे वजनकाट्यावर मिळत नाही, उंची आणि हातापायांची लांबी विचारावी लागते.

सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. ताशी 190 वर सात टक्के म्हणजे ताशी 13 किलोमीटर, आणि एका मिनिटाच्या पडण्यात तेवढ्याने दोन माणसांत 200 मीटरांहून अधिक अंतर पडते. एकट्याने उडी मारणाऱ्याला याचे काही वाटत नाही. पण चार जणांनी हवेत एकमेकांचे हात धरून रचना करायची असेल, तर ताशी एका किलोमीटरचा फरकसुद्धा दहा सेकंदांत जवळपास तीन मीटर होतो आणि धरायचा हात आवाक्याबाहेर जातो. 2006 साली थायलंडमधील उडोन थानी येथे 400 जणांनी एकमेकांना धरून हवेत रचना केली होती. मला त्यात संख्येपेक्षा जास्त थक्क करणारी गोष्ट ही वाटते की 400 वेगवेगळे बांधे त्या क्षणी एकाच वेगाने पडत होते.

हे जमते ते मुख्यतः शरीराच्या कमानीमुळे. पोटावर पडताना कंबर पुढे, म्हणजे जमिनीच्या दिशेने, ढकलायची असते आणि छाती व गुडघे वर ठेवायचे असतात. घंटाळीच्या योगवर्गात ज्यांनी शलभासन केले आहे, त्यांना ही ठेवण पाहताक्षणी ओळखीची वाटेल. वाटी बुडाकडून वाऱ्याला सामोरी गेली की हवा तिच्या कडांवरून सहज निसटते, तोंडाकडून गेली तर हवा आत अडते आणि विरोध तिपटीहून अधिक होतो. माणसाच्या अंगात इतका टोकाचा पालट करता येत नाही, तरी तत्त्व तेच आहे. कमान खोल केली, हात थोडे आत आणि मागे घेतले, की वेग वाढतो. छाती आत ओढून पाठ गोल केली, हात लांब पसरले आणि पाय सरळ केले, की तो घटतो.

लवचिकतेचे महत्त्व इथे आहे. तिने माणूस आपोआप जलद किंवा मंद होत नाही, तिच्यामुळे दोन्ही दिशांना जाण्याची मुभा मिळते. ताठ शरीराला एकच वेग ठाऊक असतो आणि बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. ऐरोलीच्या आयटी पार्कात असो वा इथल्या चँडलरमध्ये, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे नितंबाच्या सांध्यापुढचे स्नायू आखडलेले असतात. अशा माणसाला कमान करायला सांगितली की तो मान उचलतो, फार तर कंबरेचा खालचा भाग वाकवतो, पण कटिभाग पुढे येतच नाही, आणि स्वतःला मात्र आपण धनुष्यासारखे वाकलो आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते. म्हणूनच उभ्या विंड टनेलमधला सराव उपयोगी पडतो : तिथे खालून येणाऱ्या वाऱ्याचा वेग स्थिर ठेवतात, शरीर वर चढते किंवा जाळीकडे उतरते आणि ठेवणीतली चूक तत्काळ दिसते. शंभर किलोच्या लवचिक माणसाबरोबर उडी मारणे मला साठ किलोच्या ताठ माणसापेक्षा केव्हाही पसंत आहे.

उरलेला फरक कपड्यांनी भरून काढतात. जलद पडणाऱ्याला सैल, वारा धरणारा जंपसूट देतात, तर मंद पडणाऱ्याला अंगाबरोबर बसणारा आणि गुळगुळीत. फारच हलक्या माणसाला शिशाच्या गोळ्या भरलेला पट्टा किंवा जाकीट घालतात. हा उपाय मला शेवटचा वाटतो, कारण तेच शिसे पुढे पॅराशूटलाही वाहून न्यावे लागते, ते जास्त वेगाने उडते आणि उतरणे अवघड होते. पाण्याजवळ उडी असेल तर ते वजन धोक्याचेच. वस्त्राच्या परिणामाचा विचार करताना आपल्या शीतल महाजन यांची आठवण येते, ज्यांनी 2018 साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली. एवढे कापड ताशी दोनशेच्या आसपासच्या वाऱ्यात जागेवर राखणे हे वेगाच्या हिशेबापेक्षाही कठीण काम असले पाहिजे.

यंदा मामेबहीण ॲरिझोनाला येणार आहे आणि तिला प्रशिक्षकाला बांधून मारायची, म्हणजे टँडम उडी मारायची आहे. तिला बांध्याची किंवा कमानीची फारशी काळजी करायला नको. दोन माणसे एकावर एक बांधली की वजन जवळपास दुप्पट होते आणि हवेला दिसणारा पृष्ठभाग फारसा वाढत नाही, त्यामुळे वेग ताशी 250 किलोमीटरच्या पुढे गेला असता. तो आटोक्यात ठेवण्यासाठी प्रशिक्षक विमानाबाहेर पडल्यावर काही सेकंदांतच मागे एक छोटी छत्री सोडतो आणि जोडी पुन्हा एकट्या माणसाच्या वेगावर येते. अशा केंद्रांवर उडीपूर्वी वजन करतात आणि त्यावर मर्यादाही असते. ती पट्टे, मुख्य पॅराशूट आणि उतरण्याची सुरक्षितता यांच्यासाठी असते. नोंदणी करताना तिने खरे वजन सांगावे, कारण दोन किलो कमी लिहिले तरी काट्यावर ते दिसणारच, आणि कोणत्या प्रशिक्षकाबरोबर तिची जोडी लावायची हेही त्यावरूनच ठरणार आहे.